रिकामी उंची

भरलेलं मोजायचं तर आधी रिकामं मोज,
हे मला टिपरे मास्तरांनी शिकवलं
माहुलच्या सतरा नंबर टाकीच्या माथ्यावर.
खुणेपासून तेलाच्या पाठीपर्यंत
जेवढी हवा, तेवढी वजा.
उरतं ते तेल.

पंप थांबल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही.
तेल अजून चिडलेलं असतं, अंगात वीज असते त्याच्या.
बसू दे, म्हणायचे, आणि तंबाखू मळायचे,
काडेपेटी गेटवर जमा केलेला माणूस
आणखी काय करणार.

ओळंबा पितळेचा. लोखंड ठिणगी टाकतं,
पितळ तोंड सांभाळतं.
टोकाला चोपडायची पेस्ट,
तळाशी पाणी असेल तर लाल होणारी.
फितीवर तेलाची रेघ पुसट, हिरवट तपकिरी.
लोकांना वाटतं क्रूड काळंच असतं.
आमचं जानेवारीच्या पहाटे थिजायचं, तुपासारखं,
मग खालून वाफेच्या नळ्यांनी त्याला
समजावून पातळ करायचं.

तीनदा बुडवायचं. जुळलं तरच लिहायचं.
एकदा मी तीन मिलिमीटर मनाने धरले.
मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी वहीच्या मागे
टाकीचा व्यास मांडला, गुणाकार केला:
पंधरा हजार लिटर.
"एवढं तेल तू नुसत्या कंटाळ्यातून काढलंस," म्हणाले,
"सौदीवाल्यांना विहीर खणावी लागते."

आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा.
कुजक्या अंड्यांचा वास येतोय तोवर ठीक.
वास येईनासा झाला, की पळ.

त्याआधी चार वर्षं मी विहिरीवर होतो.
जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस पाणी, चौदा दिवस घर.
आई म्हणायची, दर्यान बाव कसली रं?
तिला रहाट दिसायचा, दोर, घागर.
मी तिला सांगायचो एकेकीचे स्वभाव:
सात नंबर खोकायची, गप्प व्हायची, मग भस्सकन ओकायची.
नऊ नंबर म्हातारी, दर वर्षी पाणी जास्त, तेल कमी.
एकेकीला चोवीस तास सेपरेटरवर घ्यायचो,
तासातासाला आकडा,
रात्री तीनचा आकडा नेहमी थोडा वाकडा लिहिलेला.
खाली प्लॅटफॉर्मच्या पायांना
घोळ माशांची गर्दी. जाळं टाकायला बंदी.
हे मात्र मी घरी कधी सांगितलं नाही.

कारण बाप ट्रॉम्बेचा. त्याच्याकडे शिशाचा गोळा होता,
बुडाला खळगा, खळग्यात चरबी.
दोरी सोडायचा, वाव मोजायचा,
वर काढून चरबीला बोट लावायचा:
वाळू. चिखल. शिंपल्यांचा चुरा.
बोटावरून सांगायचा आपण कुठे आहोत.
मी पितळी ओळंबा आणि पेस्टची गोष्ट सांगितली
तेव्हा पहिल्यांदाच माझ्या नोकरीत
त्याला रस वाटला.
"म्हंजे तूपन तलच चाचपतंस."

शेवटी गोवंडीच्या दवाखान्यात
त्याच्या छातीतलं पाणी काढलं.
पिवळसर, काचेच्या बाटलीत, हळूहळू.
डॉक्टर पोरगेलेसे, म्हणाले, लिटरभर असेल.
मी गुडघ्यावर बसलो, डोळा पातळीला आणला,
पृष्ठभागाच्या वळणाचा खालचा काठ धरला.
अकराशे चाळीस, म्हणालो.
पुन्हा पाहिलं. अकराशे चाळीस.
नर्सने तिसऱ्यांदा पाहू दिलं नाही.

बाप डोळे मिटूनच होता.
"लाल झाली का रं?"

सतरा नंबरवर आता रडार बसलंय.
माथ्यावर कुणी चढत नाही.
शिशाचा गोळा माझ्याकडे आहे, खिडकीत,
चरबी वाळून दगड झालेली,
तिच्यात कुठल्याशा तळाचे चार कण.
मी बोट लावून पाहतो.
मला ते वाचता येत नाहीत.